न्यूट्रलचा माग : जुन्या घराच्या वायरिंग बदलाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

ज्या सॉकेटवर इस्त्री लावली जाते त्याचे झाकण आज उघडले, तेव्हा आतला फेजचा (वीज आणणाऱ्या तारेचा) स्क्रू काळा पडलेला होता आणि त्याच्या भोवतीचे बेकलाइट बोटाने दाबताच भुकटी होऊन सुटत होते. गेला महिनाभर या कोपऱ्यात अधूनमधून जो वास येत होता तो इथूनच. स्क्रू सैल झाला की तार आणि पितळ यांचा स्पर्श कमी होतो आणि तिथला रोध वाढतो. जोडातला रोध ०.१ ओहम एवढाच झाला तरी १५ अँपिअर प्रवाह वाहत असताना त्या एका बिंदूवर २२.५ वॉट उष्णता निर्माण होते. कथील वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे बेकलाइटची भुकटी का झाली ते कळते. या साऱ्या प्रकारात फ्यूज उडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो आणि फ्यूजला फक्त प्रवाह कळतो.

सॉकेट बदलून भागले असते. परंतु नवे सॉकेट लावण्यासाठी तार जराशी पुढे ओढली, तशी तिच्यावरची सुती वेणी आणि आतले रबर दोन्ही तुटून हातात आले. घराचे मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचे, रबरी आवरणाच्या तारांचे आहे. त्यावर वेळोवेळी पीव्हीसी तारांची भर पडली आहे. त्यामुळे सगळेच बदलायचे ठरले.

कामाची वाटणीही आजच ठरवली. नकाशा काढणे, जुने काढणे, भिंतीत चर पाडणे, पाइप बसवणे आणि तारा ओढणे ही कामे मी मदतनिसासारखी करीन; जोडण्या, चाचण्या आणि पुरवठा सुरू करणे हे परवानाधारक वायरमन करतील आणि त्यांच्या तपासणीशिवाय कोणताही चर बुजवला जाणार नाही. नियमाने ते आवश्यक आहेच; पण माझ्याकडे मोजमापाची साधने नाहीत आणि अनुभवही नाही, हे कारण मला अधिक पटणारे आहे.

५ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस नकाशात गेला. जिन्याखालच्या मुख्य फळीवर चिनीमातीच्या फ्यूजच्या चार जोड्या आहेत. एकेक जोडी काढायची, घरभर फिरून कोणता दिवा, कोणता पंखा, कोणते सॉकेट बंद झाले ते पाहायचे आणि कागदावर लिहायचे, असा क्रम ठेवला. काम कंटाळवाणे आहे, पण याशिवाय पुढचे पाऊल टाकणे म्हणजे अंधारात हात घालणे होते. खालचे दिवे-पंखे, खालची सॉकेट, वरचे दिवे-पंखे, वरची सॉकेट अशी मूळ विभागणी दिसते. नंतर कोणीतरी वरच्या सॉकेटच्या तारेतूनच गिझरला फाटा दिला आहे. जिन्याचा दिवा मात्र खालची जोडी काढली तरी बंद होतो आणि वरची काढली तरी बंद होतो. त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवले. त्याची एक तार वरच्या मजल्यावरच्या जोडपेटीत जाताना डोळ्यांना दिसते, म्हणून नकाशात ती तशीच दाखवली.

फ्यूज जोडीने का आहेत, हे वायरमननी सांगितले तेव्हा पोटात गोळा आला. जुन्या पद्धतीत फेजवर एक आणि न्यूट्रलवरही (प्रवाह परत नेणाऱ्या तारेवरही) एक फ्यूज बसवत असत. दोन्हींपैकी न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला, तर दिवे बंद होतात, पंखे थांबतात, माणसाला वाटते की वीज गेली. प्रत्यक्षात फेज सर्व तारांमध्ये, स्विचमध्ये आणि होल्डरमध्ये जसाच्या तसा उभा असतो. मी सकाळी एका जोडीतला एकच फ्यूज काढून दिवे विझलेले पाहून समाधान मानले होते. तो न्यूट्रलचा होता.

एका फ्यूजमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी वायरमधून सोललेले तांब्याचे तीन जाड पदर पिळून घातलेले निघाले. ही तार वितळण्याच्या आत भिंतीतली तार पेटली असती. ते पदर मी पिशवीत घालून नकाशाला टाचून ठेवले आहेत.

९ नोव्हेंबर

काम सुरू करण्यापूर्वी सर्किट मृत आहे हे सिद्ध करण्याची पद्धत वायरमननी माझ्याकडून तीन वेळा करून घेतली. आधी मापक चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून पाहायचे. मग ज्या ठिकाणी काम करायचे तिथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ (अर्थ म्हणजे जमिनीशी जोडलेली तार) या तिन्ही जोड्यांवर लावायचे. आणि पुन्हा त्या चालू सॉकेटवर लावून मापक मधल्या वेळात बिघडले नाही ना, ते पाहायचे. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, असे ते म्हणाले. खिशातला निऑन दिव्याचा टेस्टर त्यांनी बाजूला ठेवायला लावला. उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर तो लागेलच असे नाही आणि शेजारच्या तारेच्या प्रभावाने तो उगाचही मिणमिणतो. तेव्हा "टेस्टर लागला नाही" या विधानाचा अर्थ "वीज नाही" असा होत नाही. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावले आणि किल्ली ज्याच्या हातात काम त्याच्या खिशात, हा नियमही आजपासून सुरू झाला. मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकांना वीज असतेच, हे स्विचच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले.

दुपारी ही शिकवणी लगेच उपयोगी पडली. कोठीच्या खोलीतला दिवा स्विचने बंद केला, बल्ब होल्डरमध्येच ठेवला आणि वायरमननी होल्डरच्या मागच्या दोन्ही स्क्रूंवर अर्थच्या संदर्भाने मापक टेकवले. दोन्हींवर २३० व्होल्ट. स्विच बंद असताना. आपण काय मोजत आहोत, हे समजायला मला मिनिटभर लागले आणि त्यांनी दुसरी पिन फक्त बल्बमधून फेजचा स्पर्श झालेली असू शकते, म्हणून बल्ब काढल्यावर पुन्हा मोजायला सांगितले. तेव्हा एका पिनेवर २३० आणि दुसरीवर जवळपास काही नाही. कारण साधे होते: या दिव्याचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला आहे. दिवा विझतो, पण होल्डरची पिन कायम जिवंत राहते, आणि बल्ब बदलताना माणूस नेमका तिथेच बोट नेतो.

१२ नोव्हेंबर

जोडपेट्या उघडल्या. वरच्या मजल्यावरच्या एका पेटीत ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याची तार एकमेकींना पिळून वर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी सोडवली तर आत राखाडी-पांढरी पूड आणि पिळाचा रंग गेलेला. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज वाहून नेत नाही. तापले की ते तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि दाबाखाली हळूहळू पसरत जाते, त्यामुळे आज घट्ट असलेला जोड काही वर्षांनी सैल पडतो. शिवाय दोन वेगळे धातू आणि थोडी ओल एकत्र आली की गंज चढतो. हे तिन्ही दोष त्या अंगठ्याएवढ्या पिळात एकत्र पाहायला मिळाले.

नंतर जुन्या तारांच्या आवरणाचा रोध मेगरने मोजला. पुरवठा बंद, सर्व बल्ब आणि उपकरणे काढलेली, कारण ५०० व्होल्टचा एकदिश दाब इलेक्ट्रॉनिक उपकरणांना झेपत नाही. किमान अपेक्षा १ मेगओहमची असते. खालच्या दिव्यांच्या सर्किटने ०.६ दाखवले, वरच्या सॉकेटच्या सर्किटने ०.०८. या दुसऱ्या आकड्याचा हिशोब केला, तर २३० व्होल्टला सुमारे ३ मिलिअँपिअर प्रवाह रात्रंदिवस आवरणातून भिंतीत पाझरत होता. हा आकडा आल्यावर "यातले काही वाचवता येईल का" ही माझी शेवटची आशा सोडून दिली.

१६ नोव्हेंबर

आज आराखडा झाला. तत्त्व एका ओळीचे आहे: सर्किटमधून वाहणारा नेहमीचा प्रवाह एमसीबीच्या (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) आकड्यापेक्षा जास्त नको आणि एमसीबीचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. एमसीबी तारेचे रक्षण करते, उपकरणाचे नव्हे. म्हणून "वारंवार पडते, मोठी बसवा" हा सल्ला म्हणजे फ्यूजमध्ये तांब्याचे तीन पदर घालण्याचाच नवा अवतार आहे.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तार आणि १० अँपिअरची एमसीबी, सॉकेटना २.५ ची तार आणि १६ ची एमसीबी, गिझरला ४ ची स्वतंत्र तार आणि २० ची एमसीबी असे ठरले. ३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला १३ अँपिअर घेतो, म्हणजे इथे भरपूर मोकळीक आहे. सॉकेटच्या बाबतीत मात्र मला वाटले होते तेवढी मोकळीक नव्हती. भिंतीतल्या पाइपमधून जाणाऱ्या २.५ च्या पीव्हीसी तारेची क्षमता ३० अंश तापमानाला २४ अँपिअर धरतात. पण एकाच पाइपमध्ये तीन सर्किट एकत्र नेली, तर ती परस्परांना तापवतात आणि क्षमता ०.७ पट होते, म्हणजे १६.८, आणि पाइप छताखालच्या उष्ण पोकळीतून, ४० अंशांतून जात असेल तर आणखी ०.८७ पट, म्हणजे १४.६. सोळाच्या एमसीबीखाली चौदाची तार! कागदावर हा गुणाकार करीपर्यंत सगळे पाइप एकाच वाटेने न्यावेत, असा माझा हट्ट होता. आता छतातून जाणाऱ्या प्रत्येक पाइपमध्ये दोनच सर्किट ठेवायची, म्हणजे ०.८ पटीने हिशोब १६.७ वर येतो आणि जेमतेम बसतो.

फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी प्रत्येक मजल्याला एक, अशा दोन घ्यायच्या. एकच घेतली असती तर वरच्या बाथरूममधल्या गळतीने खालच्या जिन्यावरही अंधार झाला असता. आरसीसीबीचे काम तराजूसारखे आहे: फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ती सतत तुलना करते, आणि फरक पडला म्हणजे उरलेला प्रवाह कुठल्यातरी भलत्या वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत जात आहे असे समजून दोन्ही तारा तोडते.

२१ नोव्हेंबर

भिंतींवर खुणा आणि चर. चर फक्त उभे किंवा आडवे, तेही स्विच आणि सॉकेटच्या सरळ रेषेत; तिरपा चर कितीही जवळचा असला तरी नाही, कारण पुढे कधी खिळा ठोकणाऱ्याला तार कुठून गेली असेल याचा अंदाज बांधता आला पाहिजे. कामाच्या हत्यारांसाठी आरसीसीबी बसवलेला वेगळा तात्पुरता बोर्ड केला आहे. धूळ बेसुमार. बाकी नोंद घेण्यासारखे काही नाही.

२७ नोव्हेंबर

तारा ओढण्याचे काम तीन दिवस चालले आणि त्यातला एक दिवस माझ्या चुकीने वाया गेला.

स्टीलची स्प्रिंग पाइपातून सरकवायची, पलीकडे तिचे डोके दिसले की तारांचे सोललेले पदर तिच्या कडीत अडकवून, वर पट्टी गुंडाळून गाठ निमुळती करायची, आणि मग एकाने इकडून तारा सरळ करत ढकलायच्या तर दुसऱ्याने पलीकडून ओढायचे. वरच्या मजल्याच्या एका पाइपात दोन पेट्यांच्या दरम्यान तीन काटकोनी वळणे आली होती. तारा अडल्या. मी भिंतीला पाय लावून ओढल्या आणि त्या आल्याही. वायरमन आले, त्यांनी बाहेर आलेल्या टोकापासून हातभर तार नखाने चाचपली आणि काही न बोलता माझे बोट तिथे नेले: आवरणावर लांबट ओरखडा होता, तांबे दिसत नव्हते, पण आवरण अर्धेच उरले होते. मेगरवर ही तार आज उत्तीर्णही झाली असती. सगळ्या तारा परत काढल्या, मधल्या वळणावर एक जोडपेटी वाढवली आणि नव्या तारा ओढल्या. यावेळी एका हाताने सहज सरकल्या. पाइपाच्या आतल्या जागेचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तारांनी व्यापू नये, हा नियम हिशोबासाठी नसून हाताला कळण्यासाठी असतो, असे म्हणायला हरकत नाही.

जोडपेटीत आता कुठेही पीळ आणि चिकटपट्टी नाही. स्क्रूचे किंवा दाबून बसणारे कनेक्टर आहेत आणि प्रत्येक पेटीचे झाकण उघडता येईल असे आहे. रंगांबाबत एकच शिस्त: फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांचे रंग घरभर तेच राहतील, आणि अर्थचा हिरवा रंग इतर कशासाठीही, अगदी तुकडा कमी पडला म्हणूनसुद्धा, वापरला जाणार नाही.

३ डिसेंबर

अर्थिंग. जुनी अर्थची तार मुख्य फळीपासून निघून पाण्याच्या लोखंडी पाइपाला पट्टीने बांधलेली आहे आणि ती पट्टी आजही घट्ट आहे. परंतु त्या पाइपाचा जमिनीकडचा भाग मध्यंतरी गंजला म्हणून प्लास्टिकचा बसवला गेला. नळदुरुस्ती करणाऱ्याला विजेशी देणेघेणे नव्हते आणि घरातल्या कुणाच्या ते ध्यानात आले नाही. तेव्हापासून या घराचे अर्थिंग एका लोखंडी नळाला जोडलेले आणि जमिनीपासून पूर्ण तुटलेले होते. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या उपकरणाचा फेज त्याच्या धातूच्या अंगाला टेकला असता, तर तो दाब अर्थच्या तारेने घरातल्या सगळ्या धातूच्या उपकरणांवर आणि नळांवर पोहोचला असता.

आमच्या पुरवठ्याबरोबर अर्थची स्वतंत्र तार येत नाही, म्हणून नवा इलेक्ट्रोड जमिनीत उतरवला आणि तीन बिंदूंच्या पद्धतीने त्याचा रोध मोजला: ९ ओहम. आकडा चांगला आहे, असे वायरमन म्हणाले. पण तो कशासाठी चांगला आणि कशासाठी नाही, हे समजून घेण्यात संध्याकाळ गेली. फेज थेट उपकरणाच्या अंगाला टेकला, तर ९ ओहममधून फार तर २५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची 'सी' प्रकारची एमसीबी तत्काळ पडण्यासाठी पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. पंचवीसला ती मिनिटे मोजत बसेल आणि तेवढा वेळ उपकरणाच्या अंगावर प्राणघातक दाब राहील. म्हणजे उत्तम अर्थिंग असूनही एमसीबी इथे माणसाला वाचवणार नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र या प्रवाहाचा सुमारे आठशेवा भाग पुरतो. यापूर्वी मी आरसीसीबीला "असलेली बरी" अशा वर्गात ठेवले होते.

पाण्याचे जे धातूचे पाइप घरात उरले आहेत ते नव्या मुख्य अर्थपट्टीला जोडले. आता ते अर्थ म्हणून नव्हे, तर सगळे धातू एकाच दाबावर राहावेत म्हणून जोडलेले आहेत. सर्वांत दूरच्या सॉकेटपर्यंत अर्थच्या तारेचा रोध ०.३ ओहम भरला.

८ डिसेंबर

वीजपुरवठादाराच्या कर्मचाऱ्यांनी मीटरपाशी पुरवठा तोडला. मीटरच्या सीलला आम्ही हात लावला नाही. जुनी फळी उतरली आणि नवी वितरण पेटी बसली. प्रत्येक आरसीसीबीला तिची स्वतंत्र न्यूट्रलपट्टी आहे आणि एका मजल्याचा न्यूट्रल चुकून दुसऱ्या पट्टीवर जाऊ नये म्हणून पट्ट्यांना वेगळ्या खुणा केल्या आहेत. न्यूट्रलवर आता कुठेही फ्यूज नाही. बहुपदरी तारेच्या प्रत्येक टोकाला धातूची टोपी दाबूनच ती स्क्रूखाली घातली आणि स्क्रू उत्पादकाने दिलेल्या जोराने, मोजून आवळले.

१० डिसेंबर

सकाळी पुरवठ्याविना चाचण्या झाल्या. तारांची सलगता ठीक, आवरणाचा रोध सर्व सर्किटवर २०० मेगओहमच्या वर, प्रत्येक स्विच फेजवरच असल्याची खात्री. दुपारी पुरवठा जोडला. सॉकेट झाली, पंखे झाले, खोल्यांमधले दिवे झाले. संध्याकाळी आईने जिन्याचा दिवा लावला आणि वरचा मजला अंधारात गेला.

वरची आरसीसीबी पडली होती. उचलली, दिवा पुन्हा लावला. यावेळी खालची पडली. तिसऱ्या वेळी पुन्हा वरची. एक दोष असेल तर एकच आरसीसीबी पडायला हवी, असे मी धरून चाललो होतो, म्हणून दोन वेगवेगळे दोष शोधण्यात तासभर घालवला. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला असावा म्हणून मेगर पुन्हा लावला; आकडे सकाळसारखेच उत्तम. दिवा ९ वॉटचा एलईडी, तो बदलून पाहिला, फरक नाही. आरसीसीबीच सदोष आहे असेही मी सुचवून पाहिले. वायरमननी त्यावर फक्त नकाशा मागितला.

जिन्याच्या दिव्यापुढचे ५ नोव्हेंबरचे प्रश्नचिन्ह तसेच होते.

त्यांनी मुख्य स्विच आणि दोन्ही आरसीसीबी बंद केल्या, कुलूप लावले, मृत असल्याची तपासणी केली, आणि कोठीतल्या जुन्या सामानातून ६० वॉटचा तंतूचा बल्ब आणून जिन्याच्या होल्डरमध्ये लावला. एलईडीमधून ओहममापकाला काही कळत नाही, तंतूमधून कळते. जिन्याचा स्विच चालू ठेवून वितरण पेटीत एक टोक खालच्या दिव्यांच्या फेजवर आणि दुसरे खालच्या न्यूट्रलपट्टीवर टेकवले: मापक काहीच दाखवेना. दुसरे टोक उचलून वरच्या न्यूट्रलपट्टीवर ठेवले आणि ६६ ओहम आले. थंड तंतूचा रोध साधारण एवढाच असतो. म्हणजे जिन्याच्या दिव्याचा फेज खालच्या सर्किटमधून निघत होता आणि न्यूट्रल वरच्या सर्किटमध्ये परतत होता. खालच्या आरसीसीबीला वाटत होते की गेलेला प्रवाह परत आला नाही; वरचीला वाटत होते की न पाठवलेला प्रवाह परत आला. दोन्ही बरोबर होत्या, आणि ज्या वेळी जी क्षणभर आधी हलली ती पडली. ९ वॉटच्या दिव्याचा प्रवाह ४० मिलिअँपिअरच्या आसपास, तराजू कलण्याला पुरेसा. तिथे अर्ध्या वॉटचा रात्रीचा दिवा असता, तर हा दोष कदाचित वर्षानुवर्षे दिसलाच नसता.

चूक कोणाची, हे सांगायला लाज वाटते. जुन्या वायरमनने जिन्याच्या वरच्या टोकाला जवळ सापडला तो न्यूट्रल घेतला होता. मी ते नकाशात हुबेहूब उतरवले आणि नव्या तारा त्याच नकाशाप्रमाणे ओढल्या. नव्या पाइपात, नव्या तारेने, जुनीच चूक.

जुन्या फ्यूजच्या काळात हा उसना न्यूट्रल निमूटपणे चालत असे, पण निरुपद्रवी नव्हता. वरचे सर्किट बंद करून कोणी त्याच्या न्यूट्रलचा जोड उघडला असता आणि त्याच वेळी खाली कुणी जिन्याचा दिवा लावला असता, तर सुटलेल्या न्यूट्रलच्या टोकावर दिव्यातून येऊन २३० व्होल्ट उभे राहिले असते, तेही मृत असल्याची तपासणी पूर्ण झाल्यानंतर.

११ डिसेंबर

जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल वरच्या जोडपेटीतून सोडवून खालच्या सर्किटच्या न्यूट्रलबरोबर त्याच पाइपातून नेला. वर-खालच्या दोन्ही स्विचमधल्या तारा जशा होत्या तशाच राहिल्या. दिवा दहा वेळा लावला, दहा वेळा विझवला. नकाशातले प्रश्नचिन्ह खोडले, पण खोडलेले दिसेल असे.

१३ डिसेंबर

आरसीसीबीची यंत्राने चाचणी झाली. १५ मिलिअँपिअरला पडू नये. दोन्ही पडल्या नाहीत. ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडावी. एक २४ मध्ये आणि दुसरी २७ मध्ये पडली. पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअरला मर्यादा ४० मिलिसेकंदांची. दोन्ही वीसच्या आत. पेटीवरचे 'टी' बटण दाबल्याने आतली यंत्रणा हलते की नाही एवढेच कळते, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही, म्हणून ही चाचणी वेगळी करावी लागते.

वायरमननी आईला समजावून सांगितले ते माझ्याही उपयोगाचे होते: एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला आणि अंग जमिनीपासून अलग असले, तर आरसीसीबीच्या दृष्टीने माणूस आणि बल्ब यांत भेद नसतो, ती पडणार नाही. म्हणून सगळी सॉकेट आतून पडदा असलेली घेतली आहेत.

२० डिसेंबर

दोन तास गिझर, इस्त्री आणि इतर जड उपकरणे एकत्र चालवून वितरण पेटीतल्या प्रत्येक जोडाचे तापमान अवरक्त तापमापकाने दुरून पाहिले. सगळे ३२ ते ३६ अंशांच्या दरम्यान. गिझरच्या एमसीबीचा खालचा स्क्रू मात्र ६१. पुरवठा बंद करून उघडले, तर टोपीबरोबर आवरणाचाही मिलिमीटरभर भाग स्क्रूखाली दाबला गेला होता. जोर मोजून आवळला होता हे खरे, पण तो अर्धा जोर प्लास्टिकवर खर्ची पडला होता. टोक कापून नव्याने सोलले, नवी टोपी दाबली, पुन्हा दोन तास चालवले: ३४.

४ जानेवारी

चर बुजले. वितरण पेटीच्या दाराच्या आत सर्किटांची यादी, तारेचे माप आणि १० व १३ डिसेंबरचे आकडे लावले आहेत. जुनी लाकडी पट्टी आणि तारा उतरल्या, एक तुकडा सोडून: अंगणातल्या दिव्याकडे जाणारी तार भिंतीच्या आत शिरून कुठे बाहेर येते, ते सापडलेले नाही. तिचे घरातले टोक सर्व जोडण्यांपासून अलग करून बंद पेटीत ठेवले आहे, त्यावर "जोडलेली नाही, दुसरे टोक अज्ञात, तपासल्याशिवाय स्पर्श करू नये" असे लिहिले आहे, आणि नकाशात तिच्यापुढे नवे प्रश्नचिन्ह काढले आहे.